अचूक पकडीचे आचार्य : हेन्री मॉडस्ले

थोर पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आपल्या वार्षिक स्मरणिकेने प्रथमपासून पाळला आहे. यंदा ज्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत ते आपल्या देशाचे नव्हेत आणि ज्ञातीचे तर नव्हेतच. तथापि त्यांच्या वडिलांचा हात लाकडावर बसलेला होता, त्यांनी स्वतः लहानपणी सुतारशाळेत रंधा व पटाशी चालविली होती आणि पुढे लोहारशाळेत घणही उचलला होता. रक्ताच्या नात्याने नसले, तरी हत्याराच्या नात्याने ते आपले आप्तच होत. लेथ या यंत्राला आज जे स्वरूप आहे ते बव्हंशी ज्यांच्या हातून आले, त्या हेन्री मॉडस्ले यांची ही कथा आहे.

हा विषय निवडण्यास एक निकडीचे कारणही घडले. आपल्या कर्जत तालुक्यात पूर्वी सुताराचे सारे वर्ष शेतकऱ्याच्या औतांवर जाई. कुळव, पाभर, नांगर, बैलगाडीचे चाक व जू यांतच त्याची विद्या खर्ची पडे आणि सुगीला खळ्यावरून मिळणाऱ्या ज्वारीच्या बलुत्यावर त्याचा संसार चाले. ट्रॅक्टर आला, लोखंडी औते आली आणि ते काम हातचे गेले. आता ज्ञातीतील काही तरुणांनी कर्जत, राशीन, मिरजगाव येथे लाकूड कातण्याचे लेथ घातले आहेत. पलंगाचे व खुर्चीचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, पाळण्याच्या खुंट्या, पोळपाट-लाटणी अशी कामे ते करतात. कोणी कर्ज काढून, तर कोणी घरातील सोने गहाण ठेवून यंत्र आणले आहे. यंत्र आले की लगोलग प्रश्न येतो तो चकाचा. स्वस्त घ्यावा की महाग, तीन जबड्यांचा की चार जबड्यांचा, आणि दुकानदार ज्याला अचूक म्हणतो तो खरोखर अचूक कशावरून? हा प्रश्न आम्हांस इतक्या जणांनी विचारला की त्याचे उत्तर एका चरित्राच्या आधाराने द्यावे असे मनाने घेतले. कारण या प्रश्नाच्या मुळाशी जे तत्त्व आहे, ते मॉडस्ले यांनी उभ्या आयुष्यात उपासिले होते.

ज्या भगिनींना व मुलांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी प्रथम चक म्हणजे काय ते सांगतो. लाटणे कातावयाचे असेल, तर लाकडाचा दांडका दोन्ही टोकांना दोन टोच्यांमध्ये धरून फिरविता येतो. आपल्याकडील जुने कातारी दोरीने फिरणाऱ्या साध्या सांगाड्यावर असेच काम करीत. पोळपाट कातावयाचा असेल, तर दोन टोच्यांनी भागत नाही. मागून एका सपाट लोखंडी तबकडीला फळी स्क्रूने आवळावी लागते. कुंकवाचा करंडा करावयाचा झाला, तर अडचण आणखी वाढते. करंडा आतून पोखरावयाचा असतो, म्हणून त्याचे एक तोंड मोकळे हवे, आणि त्याला स्क्रूचे भोक पडूनही चालत नाही. अशा वेळी लाकडाला मागच्या एकाच बाजूने घट्ट धरणारी व फिरत्या दांड्याच्या, म्हणजे स्पिंडलच्या, मध्याशी नेमके राखणारी जी पकड लागते तिलाच चक म्हणतात. चकाने लाकूड मध्यावर धरले नाही, तर करंड्याची एक भिंत जाड व दुसरी कागदासारखी पातळ होते. त्याने ते सैल धरले, तर लाकूड सुटून कारागिराच्या तोंडावर येते. म्हणून चकाची निवड ही धंद्याची तशीच जिवाचीही बाब आहे.

बालपण व उमेदवारी

हेन्री मॉडस्ले यांचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ रोजी लंडनजवळच्या वुलिच येथे झाला. त्यांचे वडील सैन्यात गाड्यांची चाके बांधण्याचे काम करीत. लढाईत जखमी झाल्यावर त्यांना वुलिचच्या सरकारी शस्त्रागारात कोठारावर नेमण्यात आले. हेन्री अजाण असतानाच ते वारले. घरात भावंडे पुष्कळ व मिळकत तुटपुंजी, त्यामुळे बाराव्या वर्षीच त्यांना शस्त्रागारात काडतुसांत दारू भरण्याच्या कामावर जावे लागले. शाळेचे शिक्षण म्हणावे तसे त्यांस कधीच लाभले नाही. दोन वर्षांनी त्यांना सुतारशाळेत घातले. तथापि त्यांचे मन सारखे शेजारच्या लोहारशाळेकडे ओढ घेई. अखेर वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांना तेथे पाठविण्यात आले आणि अल्पावधीतच कानशीच्या व घडाईच्या कामात त्यांचा हात साऱ्या शाळेत नावाजला गेला.

लाकूड व लोखंड या दोन्ही विद्या एकाच हाती आल्या, हे या उमेदवारीचे मोठे फळ होय. लाकूड दबते, फुगते, सुकते व वाकते. लोखंड तसे करीत नाही, परंतु चुकले तर क्षमाही करीत नाही. ज्याने दोहोंचे स्वभाव जाणले, त्यालाच लोखंडाच्या पकडीत लाकूड कसे धरावे याचे मर्म कळते.

ब्रामा यांचा कारखाना

त्या काळी लंडनमध्ये जोसेफ ब्रामा हे विख्यात यंत्रकार होते. त्यांनी एका नव्या धर्तीच्या कुलुपाचे पेटंट १७८४ साली घेतले होते. परंतु कुलूप इतके नाजूक व इतके बारकाव्याचे होते, की ते हाताने एकसारखे घडविणारा कारागीरच मिळेना. १७८९ साली अवघ्या अठरा वर्षांचे मॉडस्ले त्यांच्याकडे कामास लागले. वयाने इतक्या लहान मुलाला जुन्या कारागिरांच्या बरोबरीने घ्यावे की नाही याविषयी प्रथम शंका घेतली गेली. पण एका मोडक्या शेगड्याला पोलादी पाते बसवून ते कानशीने साफ करून दाखविताच ती शंका फिटली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. पुढे थोड्याच काळात ते त्या कारखान्याचे मुख्य कारागीर झाले. कुलुपाचे भाग हाताने घासत बसण्याऐवजी ते भाग एकसारखे करणारी यंत्रे त्यांनी बनविली. ब्रामा यांनी हे कुलूप आपल्या दुकानाच्या खिडकीत ठेवून ते उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस लाविले होते. ते बक्षीस १८५१ सालापर्यंत कोणासही जिंकता आले नाही.

याच कारखान्यात लेथच्या इतिहासातील मोठी सुधारणा त्यांच्या हातून झाली. तोवर लोखंड कातणारा कारागीरही आपले हत्यार हातात धरूनच कातीत असे. हात थकला की काम बिघडे, आणि दोन कारागिरांच्या हातची दोन कामे कधीच जुळत नसत. मॉडस्ले यांनी हत्यार सरकत्या घोड्यावर घट्ट बांधले व तो घोडा सरळ रुळावर स्क्रूने पुढे-मागे नेण्याची व्यवस्था भक्कम व नेमकी केली. अशा कल्पना त्यांच्याआधीही काहींना सुचल्या होत्या, हे सांगणे न्यायाचे होईल. परंतु त्या कल्पनेला रोजच्या कारखान्यात टिकेल असे अचूक रूप देण्याचे श्रेय त्यांचेच.

कर्तबगारी अशी असता त्यांचा पगार आठवड्यास तीस शिलिंग एवढाच होता. १७९१ साली त्यांचा विवाह झाला आणि संसार वाढू लागला. त्यांनी पगारवाढ मागितली असता ती नाकारण्यात आली. तेव्हा भांडणतंटा न करता त्यांनी १७९७ साली नोकरी सोडली व लंडनमधील वेल्स स्ट्रीटवर भाड्याच्या लहानशा जागेत आपली स्वतःची लोहारशाळा मांडली. त्यांचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे एक चित्रकार होता. त्याला चित्र ठेवण्याच्या मोठ्या घोडीचे लोखंडकाम करून हवे होते. ते काम त्यांनी इतके नेटके केले, की पुढची कामे आपोआप येऊ लागली. नवीन लेथ घातलेल्या आपल्या तरुणांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

आट्यांची अचूकता

स्वतःच्या जागेत येताच त्यांनी ज्या कामास हात घातला ते स्क्रूचे होते. त्या काळी स्क्रूचे आटे कारागीर अंदाजाने पाडीत. प्रत्येक बोल्टाचा नट निराळा असे, आणि एकाचा नट दुसऱ्यास लागत नसे. यंत्र उघडले की कोणता नट कोणत्या बोल्टाचा हे खूण करून ठेवावे लागे. मॉडस्ले यांनी सुमारे १८०० साली असा लेथ सिद्ध केला, की त्यातील एका अचूक स्क्रूवरून दात्यांची चाके बदलून हव्या त्या अंतराचे आटे नव्या दांड्यावर पाडता यावेत. हा लेथ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन करून ठेवलेला आहे. पुढे त्यांनी खगोलाच्या उपकरणांकरिता पाच फूट लांबीचा एक स्क्रू तयार केला. त्याला इंचाला पन्नास आटे होते. त्यावर फिरणारा नट बारा इंच लांब होता, म्हणजे त्यात सहाशे आटे एकाच वेळी बसत. कोठेही एक आटा चुकीचा असता, तर तो नट जागीच अडकला असता.

चकाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. लाकडी लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनीच चढतो. आटे सैल असले, तर जबडे कितीही सुरेख असोत, चक दर खेपेस थोड्या निराळ्या जागी बसणार. मॉडस्ले यांच्या आयुष्यातून मिळणारा हा पहिला धडा होय.

लाकडाच्या कप्प्या व पकडीचे मर्म

त्यांच्या कीर्तीचा कळस मात्र लाकूडकामानेच चढविला. त्या काळची जहाजे शिडांवर चालत. शिडांच्या दोऱ्या ओढण्यास लाकडी कप्प्या लागत. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका जहाजास जवळजवळ हजार कप्प्या लागत, आणि ब्रिटिश आरमाराची गरज वर्षाकाठी लाखाच्या घरात होती. या कप्प्या हाताने घडविल्या जात. मार्क इसंबार्ड ब्रुनेल या फ्रान्समधून आलेल्या यंत्रज्ञांनी कप्प्या करण्याच्या यंत्रांची योजना आखली होती, पण ती प्रत्यक्षात आणणारा कारागीर त्यांना हवा होता. मॉडस्ले यांच्या दुकानाच्या खिडकीत ठेवलेले सुबक स्क्रू पाहून एका परिचिताने ब्रुनेल यांना त्यांच्याकडे नेले. प्रथम नमुने झाले, ते सरकारच्या पसंतीस उतरले आणि १८०२ पासून मॉडस्ले यांनी पोर्टस्मथच्या गोदीसाठी यंत्रे बनविण्यास प्रारंभ केला. १८०८ पर्यंत पंचेचाळीस यंत्रांची मालिका पूर्ण कामास लागली. वर्षाला सुमारे एक लक्ष तीस हजार कप्प्या निघू लागल्या. पूर्वी ज्या कामाला एकशे दहा कुशल कारागीर लागत, ते आता दहा साध्या मजुरांकडून होऊ लागले.

या मालिकेतील एक बारकावा आमच्या विषयाचा प्राण आहे. कप्पीचे एल्म लाकडाचे ठोकळे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जात. पहिल्यावर भोक पडे, दुसऱ्यावर चीर खोदली जाई, तिसऱ्यावर कोपरे कापले जात, पुढे दहा ठोकळे एका मोठ्या चाकाच्या कडेवर धरून त्यांना बाहेरून गोलाई दिली जाई आणि शेवटी दोरी बसण्याची खाच घेतली जाई. प्रत्येक यंत्रावर ठोकळा नव्याने धरावा लागे. मग तो दर वेळी नेमक्या त्याच मध्यावर कसा बसावा? याची युक्ती अशी होती, की पहिल्या यंत्राच्या पकडीचा ठसा लाकडावर उमटे, आणि पुढील यंत्रांच्या पकडी त्याच ठशावर येऊन बसत. मजुराला मोजमाप करण्याचे कारणच राहिले नाही. पकडीनेच आपली खूण लाकडावर सोडावी आणि पुढच्या पकडीने ती खूण ओळखावी, असा तो सारा प्रबंध होता. कप्पीच्या आतील चाकासाठी लिग्नम व्हायटी हे पाण्यात बुडणारे अत्यंत कठीण लाकूड वापरीत, आणि त्याच्या मध्यात धातूची आरी बसवून ते लेथवर कातीत. येथेही मध्य ढळला असता, तर चाक डुगडुगले असते आणि दोरी कापली गेली असती.

या यंत्रांपैकी काही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालत होती. दीडशे वर्षे टिकणारी यंत्रे घडविणारा हात कसा असेल याची कल्पना यावरून करावी.

तथापि आपल्या ज्ञातीच्या वाचकांस एकशे दहांच्या जागी दहा हा आकडा वाचून क्षणभर उदास वाटेल, आणि ते उचितच आहे. उरलेल्या शंभरांच्या हातची विद्या एका पिढीत निरुपयोगी झाली. कुळव-पाभरीच्या बाबतीत आपणही तेच अनुभवले आहे. यंत्राला शाप देऊन ती विद्या परत आली नाही. ज्यांनी यंत्राचीच विद्या आत्मसात केली, त्यांच्या मुलांना पुढे कारखान्यांत मानाची जागा मिळाली. मॉडस्ले यांची शाळा याचे उत्तम उदाहरण आहे.

लँबेथचा कारखाना व शिष्यपरंपरा

जागा अपुरी पडू लागल्याने त्यांनी १८१० साली लँबेथ येथे एका जुन्या घोडेस्वारी-शाळेच्या वास्तूत कारखाना हलविला. पुढे जोशुआ फील्ड हे भागीदार झाले, चिरंजीवही कामात आले, आणि मॉडस्ले, सन्स अँड फील्ड या नावाने तो कारखाना जगप्रसिद्ध झाला. तेथे प्रत्येक कारागिराच्या बाकावर एक अत्यंत सपाट लोखंडी पाट ठेवलेला असे. त्यावर काजळी लावून आपण घासलेला भाग त्यावर फिरवावा, जेथे काजळी लागेल तेथे उंचवटा आहे असे समजावे व तो खरवडावा, अशी रीत होती. कारागिराच्या डोळ्यावर किंवा मुरब्ब्याच्या शब्दावर भिस्त न ठेवता कामाची परीक्षा पाटाकडून व्हावी, असा कारखान्याचा शिरस्ता पडला.

मोजमापासाठी त्यांनी एक मायक्रोमीटर बनविला होता. तो इंचाच्या दहा-हजाराव्या भागापर्यंत माप सांगे. दोन कारागिरांत मापावरून वाद झाला, की अखेरचा निवाडा त्यावर होई. म्हणून त्याला न्यायाधीशाच्या सर्वोच्च पदाचे, लॉर्ड चॅन्सेलर हे नाव पडले होते. घरात वडीलधाऱ्याचा शब्द अखेरचा असतो, तद्वत त्या कारखान्यात मापाचा शब्द अखेरचा असे. खुद्द मालकाचे कामही त्यापुढे येई.

या शाळेतून जी शिष्यमंडळी बाहेर पडली, ती पाहून कोणाही शिक्षकाचा ऊर भरून येईल. रिचर्ड रॉबर्ट्स, जोसेफ क्लेमेंट, जोसेफ व्हिटवर्थ व जेम्स नॅस्मिथ हे सारे तेथे शिकले. व्हिटवर्थ यांनी १८४१ साली साऱ्या इंग्लंडसाठी आट्यांची एकच पद्धत सुचविली, आणि आपल्याकडील जुन्या यंत्रांवरचे कितीतरी बोल्ट त्याच आट्यांचे आहेत. नॅस्मिथ यांनी वाफेचा घण बनविला. गुरूची खरी संपत्ती शिष्य होत, हे आपल्या परंपरेतील वचन तेथेही खरे ठरले.

हिंदुस्थानाशीही या कारखान्याचा संबंध आला होता. १८२५ साली इंग्लंडातून निघून कलकत्त्यास आलेली एंटरप्राइज ही आगबोट वाफेचे यंत्र बाळगून हा प्रवास करणारी पहिली बोट म्हणून ओळखली जाते. तिचे यंत्र मॉडस्ले यांच्याच कारखान्यातले होते. त्याच सुमारास लंडनच्या थेम्स नदीखालून बोगदा खणण्यासाठी ब्रुनेल यांना लागलेली प्रचंड लोखंडी ढालही तेथेच तयार झाली.

एका आजारी स्नेह्यास भेटण्यासाठी मॉडस्ले फ्रान्सला गेले होते. परतताना समुद्रावर त्यांस थंडी बाधली आणि १४ फेब्रुवारी १८३१ रोजी त्यांनी देह ठेवला. वुलिच येथेच त्यांचे दफन झाले. समाधीसाठी ओतीव लोखंडाचे स्मारक त्यांनी हयातीतच योजून ठेवले होते. त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १८४० साली, अमेरिकेत सायमन फेअरमन यांनी सर्व जबडे एकदम आत-बाहेर सरकविणाऱ्या चकाचे पेटंट घेतले. आज आपण बाजारात पाहतो ते चक त्याच वंशातले आहेत. पण तसा चक अचूक बसावयाचा, तर लागणारे आटे, सपाट बैठक व माप ही तिन्ही साधने मॉडस्ले यांच्या पिढीने सिद्ध करून ठेविली होती.

या चरित्रावरून चकाची निवड

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चक घेताना पहिली परीक्षा आपल्या लेथची करावी, चकाची नंतर. स्पिंडलच्या धारव्यात ढिलाई असेल, तर सोन्याचा चक आणूनही लाभ नाही. स्पिंडलचे टोक हाताने हलवून पाहावे, आणि शक्य तर डायल गेज लावून त्याची बैठक, म्हणजे चक जेथे टेकतो ती कड, फिरवून तपासावी. हे उपकरण मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखविते. एकट्याला घेणे परवडत नसेल, तर चार-पाच जणांत मिळून एक घ्यावे. ते रोज लागत नाही.

दुसरी परीक्षा आट्यांची. लाकडी लेथवर निरनिराळे आटे येतात. कोणाचा स्पिंडल तेहतीस मिलिमीटर व्यासाचा व साडेतीन मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा असतो, तर कोणाचा एक इंच व्यासाचा व इंचाला आठ आट्यांचा. चक त्याच आट्यांचा मिळत असेल, तर तोच घ्यावा. मध्ये जोडतुकडा घालावा लागला, तर आणखी एक सांधा वाढला आणि सांध्यागणिक चूक वाढते. चक हाताने सहज चढावा, मात्र डुलू नये, आणि त्याची पाठ स्पिंडलच्या कडेला सर्वत्र टेकावी. तेथे लाकडाच्या भुशाचा एक कण अडकला, तरी चक तिरका बसतो. म्हणून चक चढविताना दर वेळी दोन्ही बाजू कोरड्या फडक्याने पुसाव्यात.

तिसरी परीक्षा जबड्यांची. लोखंडासाठी असलेला तीन जबड्यांचा चक लाकडावर चालतो खरा, परंतु त्याचे अरुंद जबडे लाकडात रुततात आणि चौरस ठोकळा त्यात धरता येत नाही. चार जबडे निरनिराळे सरकविण्याचा चक हवे तितके अचूक धरतो, पण तो जुळविण्यास वेळ जातो, आणि त्याचे बाहेर आलेले जबडे बोटांस मोठे धोक्याचे असतात. करंडे, वाट्या, पेले असे काम ज्यांस करावयाचे आहे, त्यांनी लाकडासाठीच बनविलेला, चारही जबडे एकदम सरकणारा व रुंद जबड्यांचा चक घ्यावा. त्याचे जबडे मिटले असता एका ठराविक व्यासावर पूर्ण वर्तुळ होते. लाकडाच्या तळाशी ठेवलेला गोल खुंट त्या व्यासाच्या जवळपासचा कातला, तर पकड सर्वत्र सारखी येते व लाकडावर वळ उठत नाहीत. खुंटाचा तळ चकाच्या तळाला टेकू नये. खुंटाभोवतीची लाकडाची सपाट कड जबड्यांच्या तोंडावर टेकावी. करंडा सरळ राहतो तो तिच्या आधाराने. जबड्यांवर अंक कोरलेले असतात. ते ज्या खाचेचे त्याच खाचेत व अंकांच्या क्रमानेच घालावेत, नाही तर मध्य कधीच साधणार नाही.

चौथी परीक्षा दुकानातच करावी. शक्य असल्यास चक लेथवर चढवून त्यात घासलेली सरळ पोलादी सळई धरावी व डायल गेजचा काटा जबड्यांजवळ आणि वीतभर पुढे अशा दोन ठिकाणी पाहावा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल, तर मध्य थोडा सरकलेला आहे. पुढे गेल्यावर फरक वाढत असेल, तर चक तिरका बसला आहे आणि हा दोष अधिक वाईट. लाकूडकामास मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतला फरक बहुधा चालतो. मग चक उतरवून पुन्हा चढवावा व पुन्हा पाहावे. दर खेपेस काटा तेच सांगत असेल, तर तो चक घ्यावा. दर खेपेस निराळे सांगत असेल, तर किंमत कितीही कमी असो, तो परत करावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लाकूड कातताना हत्यार हातात असते, म्हणून पहिल्याच बांधणीत मध्य थोडा ढळला, तरी कातले की लाकूड स्पिंडलच्या मध्याशी आपोआप गोल होते. खरी कसोटी लागते ती वस्तू काढून उलटी धरताना, किंवा झाकण आणि करंडा एकमेकांस बसविताना. शिवाय ओले लाकूड दोन दिवसांत स्वतःच वाकडे होते. तेथे चकास बोल लावणे व्यर्थ आहे. म्हणून बाभळीचा ओला ओंडका कातून अचूकता शोधू नये. प्रथम वाळवावे, मग मोजावे. वस्तू चकातून काढण्यापूर्वी जबड्याचा अंक पेन्सिलीने लाकडावर उतरवून ठेवावा, म्हणजे पुन्हा धरताना ती त्याच जागी येते. पोर्टस्मथच्या कप्प्यांवरील ठशाचीच ही लहानशी आवृत्ती होय.

चकाची किल्ली लेथ सुरू करण्यापूर्वी हातात आली पाहिजे, ती चकात राहता कामा नये. मोठे लाकूड प्रथम मंद गतीने फिरवावे. तोंडावर आडोसा घ्यावा. सैल बाह्या, गळ्यातील दोरे व पदर यांना लेथजवळ मज्जाव असावा. घरातील भगिनींनी हा नियम पुरुषांकडून पाळून घ्यावा, कारण घरच्यांचे भय कित्येकदा दुकानदाराच्या सूचनेहून अधिक काम करते.

मॉडस्ले यांच्यापाशी प्रथम ना भांडवल होते, ना शिक्षण, ना कुळाचे वजन. जे होते ते एवढेच, की कोणतीही गोष्ट अचूक आहे असे ते गृहीत धरीत नसत, तर ती पाटावर, स्क्रूवर व मापावर पारखून घेत. आपल्या तरुणांनीही चकाच्या डब्यावरील छापील शब्दावर विसंबू नये. पुसावे, चढवावे, मोजावे व मगच पैसे द्यावेत. महाग चक विकत घेतल्याने अचूकता घरी येत नाही. ती बैठकीच्या स्वच्छतेत, आट्याच्या मेळात आणि कारागिराच्या रोजच्या सवयीत असते, व ती सवय बापाकडून मुलाकडे जाते. औतांची विद्या गेली तशी ही विद्या आपल्या हातून जाऊ नये आणि ज्यांनी कर्ज काढून लेथ घातले आहेत त्यांच्या घरी त्या लेथची फेड लवकर होवो, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही हे चरित्र पुरे करतो.